पाणी निर्दोष आहे

मार्च लागला की बंगळूरच्या आसपासची तळी काठ सोडून आत सरकू लागतात. आधी गवताची एक ओली पट्टी उघडी पडते, मग काळा चिखल, मग त्या चिखलाला पडलेल्या भेगा. शेवाळ, शिंपले, म्हशी आणि ऊन यांचा मिळून एक वास त्या भेगांतून वर येतो. जे. पी. नगरमधल्या माझ्या चौथ्या मजल्यापर्यंत तो पोचत नाही. तिथे या दिवसांत फक्त बातमी पोचते: अमुक तळ्यात मासे मरून तरंगले. सोबत पांढऱ्या पोटांचे छायाचित्र. अधिकारी पाण्याचे नमुने घेऊन जातात आणि चार दिवसांनी आतल्या पानावर दुसरी, लहान बातमी येते. ती दुसरी बातमी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पाणी तपासले, असे तिच्यात असते. मासा तपासला, असे क्वचित असते.

तशी एक लहान बातमी मी लिहिली आहे. एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटाकडचे वर्ष होते. बेळगावकडून आलेला, घरी मराठी आणि रस्त्यावर कन्नड बोलणारा मी एका कन्नड दैनिकात कामाला होतो, आणि शहराच्या पूर्वेची गावे माझ्याकडे सोपवलेली होती. होसकोटेच्या रस्त्यावर बस सोडली की दोन मैल चालत जावे लागे. दोन्ही बाजूंना नाचणीची कापलेली शेते, मध्येच एक चिंच, आणि मग एकदम बांध. बांधावर चढल्याशिवाय पलीकडे पाणी आहे हे कळत नसे.

कन्नडमध्ये अशा तळ्याला केरे म्हणतात. ती निसर्गाने केलेली नसते. कोणी तरी, कधी तरी, उताराला आडवा बांध घालून ती केलेली असते, आणि नंतरच्या पिढ्या ती आपोआप झाल्यासारख्या वापरतात. या केरेवर गुरे येत, धुणी येत, गणपती येत. दरवर्षी मार्चअखेर, पाणी गुडघ्याला आले की, सारा गाव एका रविवारी जाळी घेऊन आत उतरे. तोपर्यंत जाळे फक्त मुनियप्पाचे. पन्नाशीचा, काटक, पायांची बोटे चिखलात राहून फाकलेला हा माणूस पाण्याकडे न बघता पाण्याविषयी बोलत असे.

“तुमचं कन्नड जोंधळ्याच्या भाकरीचं, सामी,” पहिल्या भेटीत तो मला म्हणाला होता. “आमचं नाचणीच्या मुद्देचं, उकडलेल्या गोळ्याचं. चावायचं नाही, गिळायचं.”

मुनियप्पाची पहिली दोन मुले तापाने गेली होती. तेव्हा त्या पट्ट्यात हिवताप घरचा असल्यासारखा राहत असे. मग खाकी कपड्यांतली फवाऱ्याची टोळी आली. घराच्या भिंतींवर, छपराच्या आतून, गोठ्यात त्यांनी डीडीटी मारले. भिंतींवर पांढरे ओघळ राहिले आणि पुढच्या दोन वर्षांत ताप जवळजवळ थांबला. त्यानंतर मुनियप्पाला मुलगी झाली, गौरम्मा. ती जगली. “ही फवाऱ्यानंतरची,” तो तिची ओळख करून देताना सांगे, जसे कोणी नक्षत्र सांगावे.

तेव्हापासून दर वर्षी टोळी आली की गाव त्यांना पाहुण्यासारखे वागवी. काम संपले की ताक, गूळ, बसायला घोंगडी. पंप आणि पिंपे धुवायला केरेचा काठ. पिंपात थोडे उरलेले असे, ते टोळीवाले परत नेऊ लागले तर बाया म्हणत, “नेता कशाला, अण्णा? केरेत टाका की. डासांची अंडी जातील.” टोळीतला मुकादम हसून पिंप तिरके करी. दुधाळ रेघ पाण्यात पसरत जाई आणि थोड्या वेळाने दिसेनाशी होई. ज्याने मुले वाचवली ते औषध वाया का घालवायचे, असा तो साधा हिशेब होता. या चुकीत कुणाचाही दुष्टपणा नव्हता. म्हणूनच ती इतकी वर्षे चालली.

आता वसंतराव. अलिबागकडचे, रसायनशास्त्र शिकलेले, सरकारी नोकरीत बंगळुरात आलेले. डास आणि घरमाशा मारायची औषधे तपासणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. प्रयोगशाळेला स्वतःची इमारत नव्हती. बसवनगुडीत एक बंगला भाड्याने घेतलेला होता. पुढच्या चार खोल्यांत काचेच्या नळ्या आणि तराजू, मागच्या भागात घरमालक, निवृत्त हेडमास्तर, आणि त्यांचे देवघर. बंगला देताना त्यांनी एक अट घातली होती. ती करारात नव्हती, तोंडी होती, म्हणून अधिक पक्की होती. “डास पाळा, माशा पाळा, माझी हरकत नाही,” ते म्हणाले होते. “मीन मात्र या उंबऱ्याच्या आत येता कामा नये.”

मीन म्हणजे मासळी. वसंतरावांना ही अट जाचक वाटली नाही. बंगळुरात घर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने असल्या अटी ऐकलेल्या असतात. रविवारी घरी सुरमई मिळाली नाही तर ज्यांचा दिवस वाया जाई, ते वसंतराव सोमवारी बंगल्यात शिरताना ती अट देवळात चपला काढाव्यात तशी पाळत. परिणाम एवढाच झाला की त्यांच्या प्रयोगशाळेत पाणी आले, माती आली, भिंतीचा खरवडलेला चुना आला. मासळी कधी आली नाही. आणि ती आली नाही, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

आदल्या उन्हाळ्यात टोळी येऊन गेल्यावर केरेच्या काठाला बोटभर मासे मरून पडले होते. गावाबाहेर बोलवा झाली. होसकोटेच्या बाजारात मुनियप्पाच्या टोपलीजवळ लोक थांबेनात. त्याने मला सांगितले, मी वसंतरावांना विचारले. त्यांनी काठाचे, मधले, सांडव्याजवळचे असे पाणी बाटल्यांत भरून नेले आणि पंधरा दिवसांनी निरोप पाठवला: औषधाचा अंश सापडला नाही.

मी लिहिले: पाणी निर्दोष आहे.

“सापडले नाही” आणि “नाही”, या दोहोंत अंतर आहे. ते मला शिकवलेले होते. पण दुसरे वाक्य लहान होते, आणि त्या दिवशी पानावर जागा लहान होती. बातमी आतल्या पानावर, दोन इंचांची आली. गावातल्या चहाच्या दुकानात कोणी तरी ती कापून खळीने भिंतीवर चिकटवली. मुनियप्पाला वाचता येत नव्हते. तो तिच्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना म्हणे, “तिथं बघा, छापलंय.” टोपली पुन्हा रिकामी होऊ लागली.

*

पुढच्या वर्षीचा मार्च. गौरम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती, महिनाभराची. मुनियप्पाच्या पावलांत उडी होती. जाळ्याच्या रविवारला दहा दिवस होते. वसंतराव आणि मी वर्षाचे नमुने घ्यायला गेलो, तेव्हा पाणी अर्ध्याहून खाली गेले होते आणि चिखलावर एक पाणकावळा बसला होता.

पाणकावळा असा बसत नाही. तो खुंटावर बसतो, पंख वाळवतो, माणूस दिसला की उडतो. हा पोटावर बसला होता. त्याची मान कापत होती. ती वाऱ्याने हलावी तशी नव्हती. तार छेडल्यावर थरथरावी तशी, न थांबता. मध्येच पंखही थरथरत.

“ऊन लागलंय त्याला,” मुनियप्पा म्हणाला. “मागच्या सालीही दोघं-तिघं असेच होते.”

वसंतराव उकिडवे बसले. हातातली बाटली त्यांनी चिखलात रोवून ठेवली. किती वेळ बसले ते मी मोजले नाही. पण मुनियप्पाने एक विडी पूर्ण ओढली.

“माझ्या काचेतल्या माशा अशाच करतात,” ते शेवटी मराठीत म्हणाले. “मरायच्या आधी.”

“पण पाण्यात तर काही निघालं नव्हतं.”

“पाण्यात नव्हतंच.” ते उठले. “हा पाणी पिऊन जगत नाही हो. मासे खाऊन जगतो.”

त्या दिवशी आम्ही मुनियप्पाकडून मासे घेतले: ओंजळभर बोटाएवढे, दोन वीतभर, आणि एक मरळ. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, लांब, काळपट मासा. तो दुसरे मासे खातो. त्याला पाण्याबाहेरची हवाही घेता येते, त्यामुळे तळे आटले तरी चिखलात तग धरतो. ही मरळ हातभर होती, तीन-चार वर्षांची असावी.

बंगल्यात नेता येईना. तेव्हा मल्लेश्वरममधल्या वसंतरावांच्या भाड्याच्या घरी, मागच्या पडवीत, प्रयोग मांडला गेला. त्यांच्या पत्नी मालतीबाई दारात उभ्या होत्या.

“एवढी देखणी मरळ, आणि ती तुम्ही खलबत्त्यात कुटणार?”

“खायची नाही ती.”

“का?”

“तेच बघायचंय.”

“मग बघा. पण तो खलबत्ता आता घरात यायचा नाही, सांगून ठेवते. चिकपेटेतून नवा आणायचा. दगडी.” मग जाळीच्या पिंजऱ्याकडे लक्ष जाऊन, “आणि हे काय? जग माशा हाकलतं, आणि आमच्याकडे त्या रिक्षातून येतात.”

त्या माशा प्रयोगशाळेतल्या होत्या. बाजारातल्या माशा एव्हाना औषधाला सरावल्या होत्या. भिंतीवरच्या डीडीटीवर बसून त्या पाय चोळत. या मात्र कित्येक पिढ्या काचेमागे, दुधात भिजवलेल्या कोंड्यावर वाढलेल्या होत्या. औषधाची ओळख नसलेल्या. म्हणून खऱ्या साक्षीदार. प्रत्येक नमुना, मासा असेल तर कुटून, पेट्रोलसारख्या वासाच्या एका द्रवात घुसळून, त्यातली चरबी उतरवून घेतली. ती शक्य तेवढी वेगळी काढली, औषध असलेच तर ज्यात उरते त्या द्रवाचा बरण्यांना आतून हात दिला, द्रव उडून जाऊ दिला. पहिली बरणी केरेच्या पाण्याची. दुसरी बारक्या माशांची. तिसरी वीतभरांची. चौथी मरळीची. मालतीबाईंनी स्वतः होऊन पाचवी भरायला लावली, घरच्या डब्यातल्या अलिबागच्या सुकटीची.

“तुमच्याकडे एक तरी चांगली बरणी असू दे,” त्या म्हणाल्या.

ती सूचना शास्त्राच्या दृष्टीने अचूक होती. वसंतरावांनी तसे म्हटल्यावर त्या लाजल्या नाहीत, “मग मला का नाही पगार देत?” म्हणाल्या.

प्रत्येक बरणीत वीस माशा सोडून तोंडाला मलमल बांधली. बदल पहिल्यांदा दिसला तोही मालतीबाईंनाच. दुपारचा चहा घेऊन त्या पडवीत आल्या आणि कप खाली न ठेवताच म्हणाल्या, “चौथीतल्या लटपटायला लागल्या बघा.” चहा संपेपर्यंत चौथ्या बरणीतल्या सगळ्या माशा पाठीवर होत्या, पाय थरथरत होते. तिसरीतल्या अर्ध्याहून जास्त दुसऱ्या सकाळपर्यंत पडल्या. दुसरीतल्या दोन-तीनच. पाण्याच्या बरणीतल्या सगळ्या जिवंत. सुकटीच्याही.

“लिहा पेपरात,” मालतीबाई मला म्हणाल्या, “अलिबागची सुकट निर्दोष.” मग माझा चेहरा बघून त्यांनी विषय बदलला.

*

हे गणित आज शाळेच्या पुस्तकात आहे. तेव्हा ते पाच बरण्यांत होते. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाणी ते धरत नाही, सोडून देते. गाळ घेतो, शेवाळ घेते. शेवाळावर बारीक किडे जगतात, किड्यांवर बोटभर मासे, त्यांच्यावर वीतभर, आणि या सगळ्यांवर मरळ. खाल्लेले अन्न अंगात जळून जाते. औषध जळत नाही. ते चरबीत जाऊन बसते आणि उद्याच्या घासाबरोबर आणखी येते. बोटभर मासा वर्षभर जगतो, त्याला साठवायला वेळ नसतो. मरळ वर्षानुवर्षे जगते, आणि त्या वर्षांत खाल्लेल्या हजारो माशांचे औषध तिच्या एकटीच्या अंगात राहते. तळ्याचे पाणी नितळ होत जाते ते यामुळेच. औषध गेलेले नसते. ते तळ्यातल्या प्राण्यांनी उचलून घेतलेले असते.

मेलेला मासा बातमी होतो. हा मासा मरत नाही. तो धष्टपुष्ट असतो, चमकतो, जाळ्यात उड्या मारतो. छायाचित्रात त्याचे काही दिसणार नाही. बातमीदाराला शिकवलेले असते की काही घडले की लिही. एक कण, दुसऱ्या दिवशी दुसरा, असे पंधरा-वीस वर्षे साठत जाणे हे घडणे आहे की नाही, याचे उत्तर मला त्या वर्षापूर्वी कुणी विचारले नव्हते. आता, एवढ्या वर्षांनी, शहराभोवतीची तळी रस्त्यांखाली आणि इमारतींखाली गेली आहेत, आणि उरलेल्यांवर वाऱ्याबरोबर फेस उडतो. फेस दिसतो, म्हणून लोक थांबून बघतात. त्या केरेवर काहीच दिसत नव्हते. मार्चच्या उन्हात ते पाणी बघून कुणालाही ओंजळ भरावीशी वाटली असती.

*

जाळ्याच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा गाव पाण्यात होते. पुरुष कमरेला गुंडाळलेल्या धोतरात, ओळीने, पायांनी चिखल ढवळत पुढे सरकत होते. मरळ चिखलात दडते. तिला डोळ्यांनी नव्हे, तळपायांनी शोधतात. काठावर बाया टोपल्या घेऊन, आणि त्यांची टीका चालू.

“ए, तुझ्या पायाखाली मासा आहे का तुझा दुसरा पाय?”

“बायकोला विचार, तिला ठाऊक.”

ओळीच्या मध्यावरून आरोळी उठली. दोघांनी मिळून एक मरळ वर उचलली होती, मांडीएवढी जाड. जुनी मरळ. गावाची रीत अशी की हंगामाची सर्वांत मोठी मरळ त्या वर्षीच्या बाळंतिणीच्या घरी जायची. केरेच्याच पाण्याने भरलेल्या मडक्यात, जिवंत, तोंडाला कडुलिंबाची डहाळी. तीन दिवस ते मडके दारात राहते, मग मिरी-लसूण घालून तिचे कालवण बाळंतीण एकटी खाते. दूध वाढते, अंग भरते, असे मानत. त्याउलट कुणाला शाप द्यायचा तर म्हणत, तुझ्या लेकीच्या दारी बोटभर मासा येवो.

त्या वर्षी गावात एकच बाळंतीण होती.

मडके घेऊन वाजतगाजत लोक मुनियप्पाच्या घरी गेले, ठेवून परत पाण्यात उतरले. आम्ही मागे राहिलो. गौरम्मा आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला फडके, मांडीवर मूल. एकोणीस वर्षांची असेल. मडक्यात मधूनमधून धप्प असा आवाज होत होता.

वसंतरावांचे कन्नड तुटके होते. ते मराठीत सांगत, मी कन्नडमध्ये करी. पाणकावळा, बरण्या, माशा, सगळे सांगून झाले. मुनियप्पा ऐकत होता, पण वसंतरावांकडे नव्हे, माझ्याकडे बघून.

“पण तुम्हीच तर छापलंत, सामी.”

“छापलं. चुकलं.”

“भिंतीवर आहे ते अजून.”

“मी काढून टाकतो.”

“काढून काय होणार? लोकांनी वाचलंय.” त्याचा आवाज चढला. “ज्यानं माझी पोर जगवली ते औषध आता तिला मारणार म्हणता? दोन पोरं मी त्या चिंचेखाली पुरलीत. तेव्हा कुठं होती तुमची बरणी?”

 बाहेर काठावरून हशा ऐकू आला. मुनियप्पा हळू बोलू लागला, आणि ते जास्त कठीण होते. “मडकं परत पाठवायचं? आजवर कुणी पाठवलं नाही. गावाला काय सांगू? लेकीला बोटभर मासा द्या म्हणू?”

“हो,” वसंतराव म्हणाले. हा शब्द त्यांनी माझी वाट न बघता स्वतःच कन्नडमध्ये उच्चारला. “तेच सांगा. लहान मासा. लहान चांगला.”

 गौरम्माने मुलीच्या तोंडावरची माशी हाताने उडवली आणि विचारले, “बरणीतल्या माशा मेल्या म्हणता, अण्णा. माझं बाळ माशी आहे का?”

“नाही,” वसंतराव म्हणाले. “माणसाला नक्की काय होतं ते मला सांगता येत नाही. अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.”

“मग?”

“ते चरबीत साठतं. आणि दुधातही चरबी असते.”

मी ते वाक्य कन्नडमध्ये केले. त्यात मऊ करण्याजोगे काही नव्हते. तिने मडक्याकडे पाहिले. नंतरचे वाक्य तिने आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नाही, नुसतेच उच्चारले.

“मी तर दात आल्यापासून याच केरेतलं खाते.”

मुनियप्पा खाली बसला. इतका वेळ तो माशाबद्दल भांडत होता. आम्ही काय म्हणत आहोत ते त्याला आता कळले, आणि मला वाटते, आम्हालाही. आम्ही दहा दिवस तळ्यातली साखळी मोजत होतो: शेवाळ, किडा, मासा, मरळ. पुढची कडी समोर भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या पुढची तिच्या मांडीवर झोपली होती.

“अप्पा,” गौरम्मा म्हणाली, “मडकं यांना द्या.”

“अगं, रीत—”

“माझ्या वाट्याचं आहे ना? मग मी कुणालाही देईन. रीत मोडली म्हणतील तर मी मोडली म्हणा.” मग वसंतरावांना, “न्या ही, आणि हिच्यात किती आहे ते बघा. माझ्यात बघता येत नाही ना? मग हिच्यात बघा. आम्ही दोघी एकाच केरेतलं खाऊन वाढलो. काय निघालं ते मला येऊन सांगा. पेपरात नको. मला.”

मडके मुनियप्पाने स्वतः बसपर्यंत खांद्यावरून आणले.  बसच्या पायरीशी त्याने विचारले, “केरेत औषध टाकायचं बंद करायचं, एवढं सांगितलं तर टोळीवाले रागावतील का?”

“नाही रागावणार,” वसंतराव म्हणाले. “मी त्यांच्या साहेबांना लिहितो. भिंतींना मारू द्या. ताप परत यायला नको. पिंप केरेत नको.”

“सरी,” मुनियप्पा म्हणाला. म्हणजे बरे. त्याच्या तोंडून त्या दिवशी निघालेला तो पहिला होकार होता.

*

आठ दिवसांनी आम्ही सांगायला गेलो. बातमी मी दुरुस्त करून दिली होती. ती आधीच्या बातमीपेक्षाही लहान आली, आणि ती कुणी भिंतीवर चिकटवली नाही. गावात दोन मते होती. काही घरांनी मोठे मासे खाणे सोडले होते, काहींनी पेपरवाल्यांचे खूळ म्हणून खाल्ले होते. मुनियप्पाने मात्र त्या दिवसापासून दारात बोटभर मासेच वाळत घातले होते, सर्वांना दिसतील असे.

गौरम्मा मुलीला पाजत होती. आम्ही दाराकडे तोंड करून बसलो. वसंतरावांनी या वेळी कन्नड वाक्ये घोकून आणली होती. पाचसहा होती, लहान लहान. मरळीत आधीच्या मरळीपेक्षा जास्त निघाले. माशा चहा उकळायच्या आत पडल्या. मोठे मासे खाऊ नका. लहान खा, तेही कमी. बाळाला पाजणे थांबवू नका, दुसरे काहीही त्याहून चांगले नाही. एवढे सांगून त्यांचे कन्नड संपले.

“आणि मोठे खाल्ले नाहीत,” तिने विचारले, “तर माझ्यातलं कमी होईल?”

“होईल. सावकाश. वर्षं लागतील.”

“सावकाश, पण होईल.”

“होईल.”

आमच्या पाठीमागे मूल पिताना होतो तेवढाच आवाज.

“कमी होतं ते जातं कुठं, अण्णा?”

मी वसंतरावांकडे पाहिले. हे वाक्य त्यांनी घोकलेले नव्हते. ते मराठीत सांगतील, मी कन्नडमध्ये करीन, आणि करताना मला शब्द निवडता येतील, असे मला वाटले. त्यांनी ती संधी मला दिली नाही. एक हात गुडघ्यावर दाबून धरून ते स्वतःच कन्नडमध्ये म्हणाले, “स्वल्प, थोडं... दुधातून.” आणि घाईने पुढचे, घोकलेले वाक्य पुन्हा सांगू लागले, की तरीही पाजणे थांबवू नका, दुसरे काहीही—

“पाजू की नको ते मी विचारलं नाही,” गौरम्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “ते मला कळतं. कुठं जातं, तेवढं हवं होतं.”

मग कापडाची सळसळ झाली. तिने मुलीला दुसऱ्या अंगाला घेतले असावे, कारण लगेच पुन्हा तो बारीक आवाज सुरू झाला. आम्ही दाराकडे बघत तो संपेपर्यंत बसलो.